हिरव्या रेघेतलं गाव

ये सुषमे, अशी जवळ सरकून बस. पुण्यात बसून वाचत असशील, तरी मनानं इथं बस. आणि तो फोन पालथा ठेव जरा. त्याच्यापायीच तर मला आज लिहायला बसावं लागलं. मी हौसेनं तुला व्हिडिओ पाठवला, हात थरथरतो तरी धरून धरून काढला, आणि तू उत्तर काय धाडलंस? "आत्या, हे काय? नुसती हिरवी रेघ?" आणि पुढं ते दात काढून हसणारं पिवळं तोंड. अगं, तुझा बाप जन्मला ते घर आहे त्या रेघेत. तू रांगलीस ते अंगण आहे. नुसती रेघ म्हणते!

रागावले नाही आता. आधी रागावले होते, बोलायचंच नाही असं ठरवून बसले होते. मग म्हटलं, पोरीला ठाऊकच नाही तर ती तरी काय करील. गाव उठायच्या आधीच तुम्ही निघून गेलात. नंतरचं तुला कोण सांगणार? मी सांगते. पण रेघेचं सांगायचं तर युनूसभाऊंचं सांगावं लागेल, आणि ते थोडक्यात होत नाही.

युनूसभाऊ पेंटर. आठवतात का? उंच, कमरेत जरा वाकलेले, कानाच्या मागं पेन्सिल. तुझ्या पाटीच्या लाकडावर मोर काढून दिला होता बघ त्यांनी. घुग्घुसच्या रस्त्यावर गॅरेज होतं, तिथं ट्रकवर नंबर टाकायचे, नावं टाकायचे, फाळक्यावर कमळ काढायचे. आणि आपल्या आंबेटाकळीत तर एक दार असं नव्हतं ज्यावर त्यांच्या हातचं नाव नव्हतं. मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. मी अक्षरं शिकले ती या दारांवरून. 'क' कसा असतो ते केशवभाऊंच्या दारानं शिकवलं, 'द' देवरावच्या. आज हे लिहिते आहे त्यातलं अर्धं वळण युनूसभाऊंचंच आहे.

त्यांची एक तऱ्हा होती. रेघ ओढायच्या आधी ब्रशवर हळूच फुंकर मारायची, जसा चहा निववतात. आणि बोलता बोलता हवेत बोट फिरत राहायचं. कोणाचं घर सांगायचं तर ते "देवरावच्या बाजूचं" असं म्हणत नसत. बोटानं हवेत छप्पर काढत, मग दार, मग ओटा, आणि विचारत, "हे ना?" आपण ओळखायचो. कोपऱ्यावर त्यांचा फार जीव. "कोपरा दाबून मारला नाई तर घर गोल होते, बाई," म्हणायचे. माणसांनाही तेच माप. कोणी गुळमुळीत बोलायला लागलं की ते माझ्याकडं बघून बारीक आवाजात म्हणत, "याचा कोपरा गोल आहे."

शमीमभाभी म्हणजे त्यांची बायको. गोरी, बुटकी, तोंडाळ. "जगाची नावं लिहितेत आणि घरी मले नावं ठेवतेत," असं चारचौघांत म्हणायची. आणि त्यांची रुबी. एकुलती एक. लग्नानंतर फार उशिरा झालेली. शाळेत नाव घालायचं होतं त्या वर्षी तापानं गेली. कडुलिंबाच्या मागं, विहिरीच्या पलीकडं त्यांचं छोटं कब्रस्तान होतं, तिथं ठेवली. सगळ्या गावाची नावं लिहिणाऱ्या माणसाचा पोरीच्या दगडावर नाव लिहायला हात उचलला नाही. डबा नेला होता रंगाचा, ब्रशही नेला होता. फुंकर मारली, आणि तसेच परत आले. त्यामुळं तिथं नाव नव्हतं. नुसता दगड. पण जागा तर होती.

मग खाण आली. तू म्हणशील खाण तर आधीपासून होतीच. हो, पण लांब होती. ती सरकत सरकत आली. आपल्या गावाखाली कोळसा नव्हता गं. असता तर निदान खणलं तरी असतं, मोठा खड्डा तरी राहिला असता बघायला. आपल्या गावावर माती टाकली. कोळशाच्या वरची माती काढून जो डोंगर रचतात त्याला इथं सगळे ओबी म्हणतात. त्या ओबीखाली गेलं गाव. देऊळ सोबत आणलं, देव उचलता येतात. लोकांना इकडं वसाहतीत घरं मिळाली, एकाला एक चिकटून, सगळी एकाच साच्यातली. दारावर नावं युनूसभाऊंनीच लिहिली, पण त्या अक्षरांत जीव नव्हता. त्यांनाही ते कळत होतं.

शमीमभाभी दर गुरुवारी, त्यांची जुमेरात असते ना, दिवेलागणीला पोरीसाठी दुआ करायला बसायची. गावात असताना कब्रेपाशी. वसाहतीत आल्यावर छतावर, लांबून कडुलिंबाचा शेंडा दिसायचा त्याच्याकडं तोंड करून. मग डंपर यायला लागले. ओबी वाढली. एका उन्हाळ्यात शेंडाही गेला. त्यानंतरच्या जुमेरातीला ती छतावर डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली, हात पसरले, आणि इकडं बघ, तिकडं बघ. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी राखाडी माती. मी शेजारच्या छतावर कपडे काढत होते. तिनं नवऱ्याला विचारलं ते मी ऐकलं.

"कुठी बघू जी?"

युनूसभाऊंनी ओबीकडं बघितलं. बोट हवेत उचललं, आणि थांबले. त्या माणसाचं बोट अडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पुढचं सगळं जे झालं ना सुषमे, ते या एका प्रश्नापायी. लोक म्हणतात म्हाताऱ्याला नाद लागला. नाद कसला.

चंद्रपुरात एका डीजेवाल्याची गाडी रंगवायला गेले होते. तिथं कोपऱ्यात एक काळी पेटी पडलेली. मिरवणुकीत लेझर लावायची बंदी आली, लोकांच्या डोळ्यांना इजा होते म्हणून, तेव्हा त्यानं ती फेकून दिल्यासारखी ठेवली होती. युनूसभाऊंनी विचारलं, हे काय करते? तो म्हणाला, भिंतीवर फुलं काढते. "किती लांबच्या भिंतीवर?" तो म्हणाला, "नेऊन बघा ना, मले अडचणच आहे तिची." पेटी कापडात गुंडाळून बसनं घरी आणली, मांडीवर ठेवून, जशी सुनेला आणावी.

त्या पेटीत असतं काय, ते त्यांनी मला उघडून दाखवलं होतं. मधोमध नखाएवढे दोन आरसे. एक डावी-उजवीकडं हलतो, दुसरा वर-खाली. उजेडाचा ठिपका एकच, बरं का. तो या दोन आरशांवरून उडी मारून बाहेर जातो, आणि आरसे त्याला इतका पळवतात की आपल्या डोळ्याला ठिपका दिसत नाही, रेघ दिसते. "हे ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच आहे म्हणा ना," मी म्हटलं. "होय. पण रांगोळी काढून झाली का राहते. इथी काढणं थांबलं का संपलं. काढतच राहा लागते," ते म्हणाले.

भाच्याचा जुना लॅपटॉप घेतला. त्यात चित्रं काढायचा एक प्रोग्रॅम टाकून घेतला. पडद्यावर ठिपके मांडायचे, ठिपक्याला ठिपका जोडायचा, मध्ये कुठं उजेड विझवून उडी मारायची ते सांगायचं, नाहीतर एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत फुकटची रेघ दिसते. कोपऱ्यावर एकाच जागी दोन-चार ठिपके जास्त द्यायचे, म्हणजे उजेड तिथं जरा थबकतो आणि कोपरा टोकदार येतो. हे कळलं त्या दिवशी ते गल्लीत येऊन ओरडले, "बाई, इथीही कोपरा दाबूनच मारा लागते!" शिकवणारे व्हिडिओ कुठल्या कुठल्या देशातले, कोणत्या भाषेत कोण जाणे. ते आवाज बंद करून फक्त त्या माणसांचे हात बघायचे.

घरात मशीन चालू करायच्या आधी शमीमभाभीची कामं वाढायची. डब्यांवर चादर, हंड्यावर सतरंजी, आरसा भिंतीकडं तोंड करून. कारण तो उजेड चकचकीत वस्तूवर आपटून डोळ्यात गेला तर डोळाच जातो, असं त्यांनी पक्कं डोक्यात घेतलं होतं. हातातल्या बांगड्यासुद्धा काढायला लावायचे. एकदा मी भाजी द्यायला गेले तर सगळं स्वयंपाकघर झाकलेलं. मी म्हटलं, "भाभी, काय झालं गं?" ती म्हणाली, "काई नाई, आमच्या घरी आता भांडी पडदा करतेत. माणसंच उघडी फिरून राह्यली." आणि स्वतःच इतकी हसली की तिला दम लागला. ती रुबीनंतर अशी हसलेली मी ऐकली नव्हती.

डिसेंबरात सहालाच अंधार पडतो तेव्हा पहिल्यांदा ओबीवर उजेड टाकला. त्या बाजूला डंपर बंद असले की, पहाऱ्यावरच्या माणसाला विचारून, मगच टाकायचे. कोणा ड्रायव्हरच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. तू विचारशील, एवढ्या मोठ्या डोंगरावर गाव नेमकं कुठं काढायचं हे कसं ठरवलं? ते अवघड नव्हतंच. आपल्या गावातलं कोणीही सांगेल. सिमेंटच्या कारखान्याची चिमणी, तिच्यावरचा लाल दिवा. संध्याकाळी देवळासमोरच्या पारावर बसलं की तो दिवा बरोबर कडुलिंबाच्या शेंड्यावर लागायचा. "लिंबाले दिवा लागला, चला घरी," असं म्हणून बाया उठायच्या. तुझी आई म्हणायची, आठवतं? तर चिमणी अजून आहे. ओबीच्या मागं उभी आहे, दिवाही लागतो. युनूसभाऊंनी पहिल्यांदा कडुलिंब काढला आणि लॅपटॉपवर बोटानं सरकवत सरकवत तो बरोबर लाल दिव्याखाली आणला.

छतांवरून सगळी वसाहत ओरडली. "लिंब! लिंब!" मग त्यांनी विहीर काढली, मग देवळाचा कळस, मग शाळा. हिरव्या रेघेत, मोठमोठी. हवेत धूळ होती नेहमीसारखी, तिच्यातून तो उजेड जाताना दिसत होता, जाड दोरखंडासारखा. ते म्हणाले, "उजेडाले टेका लागते, बाई. धूळ असो का माती असो. टेका नसला तर तो आहे का नाई तेही समजत नाई." शमीमभाभीनं लिंब बघितला, विहीर बघितली, मान जरा उजवीकडं नेली, आणि हात पसरले. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण वसाहत थांबू देते का? दुसऱ्या दिवशी दारात रांग. "युनूसभाऊ, माझं घर?" "माझा गोठा?" "आमच्या ओट्याले तीन पायऱ्या होत्या, दोन नाई." ते एकेक घर घालत गेले. आणि चित्र लुकलुकायला लागलं. एकटाच ठिपका आहे ना तो, पळणार किती? शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर पहिलं घर विझलेलं असायचं. सगळं गाव पाण्यात पडल्यासारखं थरथरायचं, बघणाऱ्यांची डोकी दुखायची. मग त्यांनी चित्रातल्या खिडक्या काढून टाकल्या. छपरावरची कवेलू गाळली. पायऱ्या गाळल्या. प्रत्येक घराला छपराचा एक कोन आणि एक दार, एवढंच ठेवलं. तरी थरथर.

समाजमंदिरात बैठक झाली. देवराव तावातावानं म्हणाला, "मशीनच कमजोर आहे. मोठं आणा."

"मोठं आणलं तरी ठिपका एकच राहते, देवराव."

"मंग काय करायचं?"

"काई घरं काढून टाका लागतीन."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. अगं, घरांवर खरा बुलडोझर चालला तेव्हासुद्धा कोणी अशा माना घातल्या नव्हत्या. कोणी म्हणालं, गावाबाहेर नोकरीला गेले त्यांची काढा. म्हणजे तुमचं. मी उभी राहिले, म्हटलं, माझ्या भावाच्या घराला हात लावायचा नाही. कोणी म्हणालं, टोकाची काढा. गावाच्या टोकावर कोणाची वस्ती ठेवली होती ते तुला माहीत आहे. ते बिचारे दारापाशीच उभे होते. शेवटी देवरावच म्हणाला, "तूच सांग बा, तुझ्या हातात आहे."

युनूसभाऊ उठून घरी गेले. त्या संध्याकाळी चित्र आलं तेव्हा थरथर कमी होती. कोणाकोणाचे गोठे, कुडाच्या खोल्या गेल्या होत्या. घर एकच गेलं होतं. शमीमभाभीनं बोटानं मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आपलं कुठी आहे जी?"

"पोचत नाई ना ठिपका तिथपर्यंत," ते म्हणाले.

ती तोंड वळवून बसली. थोड्या वेळानं त्यांनी लॅपटॉपवर एक बटण दाबलं. विहिरीच्या उजवीकडं, थोडा मागं, एक हिरवा ठिपका आला. घर नाही, रेघ नाही, नुसता ठिपका. तिथं उजेडाला पळावं लागत नव्हतं, फेरीत एकदा टेकायचं तेवढं. लोक म्हणाले, "युनूसभाऊ, तो ठिपका चुकला, काढून टाका." ते म्हणाले, "तो राहू द्या. तो चुकलेला नाई." नाव लिहायला न उचललेला हात तेवढा एक ठिपका मात्र मांडून गेला होता.

अशी किती वर्षं गेली. दर जुमेरातीला गाव लागायचं. सुरुवातीला सगळे यायचे, मग म्हातारे तेवढे, मग त्यांतलेही कमी झाले. पोरांना मोबाइलमध्ये याहून भारी दिसतं. आरशांवर कोळशाची धूळ बसायची, ते खारीच्या केसांचा सर्वात मऊ ब्रश घेऊन, फुंकर न मारता, श्वास धरून पुसायचे. त्यांना आता खोकला होता, त्यामुळं श्वास धरणं जमायचं नाही. पुसता पुसता तोंड फिरवून खोकायचे आणि परत वाकायचे.

मग त्यांच्या समोरच्या घरानं वर मजला चढवला. छतावरून ओबी अर्धी झाकली गेली. पेटी समाजमंदिराच्या छतावर न्यायची ठरली, वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला. मीही चढले त्या दिवशी, गुडघे धरत. त्यांनी लिंब लावला, सरकवत सरकवत लाल दिव्याखाली आणला. देवराव खालून ओरडला, "बराबर! जागेवर बसला!" सगळे खूश.

युनूसभाऊ मात्र ओबीकडं बघत राहिले. पावसानं ओबीवर एक मोठी ओघळ पडली होती, डोक्यापासून पायापर्यंत. तिच्याकडं बोट करून म्हणाले, "बाई, मागच्या जुमेरातीले लिंब या ओघळीच्या कोणीकडं होता?"

मी आठवून सांगितलं, "डावीकडं."

"आज?"

लिंब ओघळीच्या पार उजवीकडं होता. सगळं गावच्या गाव तिकडं गेलं होतं.

"ओबी हलली नाई," ते म्हणाले. "चिमणी हलली नाई. मंग हललं कोण?"

मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला रस्त्यावर नेलं. म्हणाले, "चिमणीकडं बघत चाला." मी चालले. चिमणी पाण्याच्या टाकीच्या मागं होती. थोडं पुढं गेले तर टाकीच्या बाजूला आली. आणखी पुढं, तर टाकी सोडून शाळेवर जाऊन बसली. तेव्हा मी रस्त्यातच थांबले. दिवा लिंबावर लागायचा तो पारावरून, सुषमे. आपण पारावर बसायचो म्हणून तो लिंबावर दिसायचा. इथून तो लिंबावर नव्हताच कधी. आणि आपल्या अख्ख्या गावातल्या एकालाही हे सुचलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली होती, कारण सगळे आयुष्यभर एकाच पारावर बसलेले.

"आपणच हललो, बाई," युनूसभाऊ म्हणाले. रस्त्याच्या कडेला खाली बसले. "इतक्या जुमेराती तिनं दुसऱ्याच मातीपुढं हात पसरले. माह्या ठिपक्यानं."

शाळेतल्या मास्तरांनी फोनवर जुना नकाशा काढून दिला. त्यात नदी होती, गावाचं नाव होतं. लिंब नव्हता, विहीर नव्हती, कब्रस्तान तर नव्हतंच. बोट ठेवलं की सगळं गाव बोटाखाली जायचं. मास्तरांनी भल्या मनानं खूप खटपट केली. शेवटी तेही म्हणाले, अंदाजच.

मी म्हटलं, "भाभीला सांगाल?"

त्यांनी कानामागची पेन्सिल काढून परत तिथंच खोचली. मग म्हणाले, "काय सांगू? का पोरीले मी पुन्हा हरवून टाकली म्हणून?"

सांगितलं नाही त्यांनी. आणि मीही कोण सांगणारी? पण त्यांनी एक सुरू केलं, ते फक्त मला कळत होतं. दर जुमेरातीला गाव थोडं सरकवायचे. या वेळी ओघळीच्या इकडं, पुढच्या वेळी जरासं तिकडं. मी डोळ्यांनीच विचारलं तर म्हणाले, "एक ना एक जुमेरात बराबर पडन, बाई." एवढ्या मोठ्या डोंगरावर, एवढासा ठिपका.

एकदा शमीमभाभीनं विचारलं, "ठिपका हलला का जी?"

"वारा आहे ना," ते म्हणाले.

जिनं इतकी वर्षं त्या उजेडापायी भांडी झाकली, तिला का ठाऊक नसेल की उजेड वाऱ्यानं हलत नाही? तिनं ठिपक्याकडं बघितलं, आणि हात पसरले. त्यांचा चेहरा तेव्हा मला बघवला नाही. आयुष्यभर कोपरा दाबून मारणारा माणूस, आणि त्याचा कोपरा गोल झाला होता.

या उन्हाळ्यात आरसा अडला. वर-खाली हलणारा होता तो. धूळ आत गेली आणि जाम झाला. त्या जुमेरातीला मशीन लावलं तर लिंब नाही, कळस नाही, काही नाही. सगळी घरं, सगळी छपरं, विहीर, शाळा, एकावर एक पडून एका आडव्या रेघेत मिटलेली. ओबीच्या या टोकापासून त्या टोकाकडं एक हिरवी रेघ. तिच्यात जागोजागी बारीक चमक, जिथं जिथं कोपरे होते तिथं. त्यातली कोणती चमक कोणाच्या घराची, ते ओळखू येत नाही. देवराव खालूनच म्हणाला, "गेलं का गाव?" आणि आला तसा गेला. मास्तर म्हणाले, नवा आरसा मागवता येतो, मी मागवतो. युनूसभाऊ म्हणाले, "नको."

मला वाटलं हिंमत गेली. असेलही गेली. हल्ली ते फार बोलत नाहीत, बोटही हवेत जात नाही. पण त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी केलं, आणि ती रेघ ओढून ओढून ओबीभर लांब केली. पार दोन्ही टोकांपर्यंत.

तुला व्हिडिओ पाठवला तो त्याच्या पुढच्या जुमेरातीचा. तू आवाज बंद करून बघितलास ना? पुन्हा बघ, आवाज मोठा करून. खोकला येतो तो त्यांचा. मग भाभी विचारते ते ऐकू येईल.

"ठिपका कुठी आहे जी?"

"त्याच्यातच आहे."

"त्याच्यात कुठी?"

मग ते म्हणतात, "इथून तिथपर्यंत. आता चुकत नाई."

त्यानंतर आवाज नाही. मी फोन हलवला म्हणून चित्र हललं, पण नीट बघितलंस तर खाली कोपऱ्यात दोन डोकी दिसतील, एक पदराचं, एक टोपीचं. पदराचं डोकं डाव्या टोकापासून सुरुवात करतं. हळूहळू वळतं. रेघेचा एवढासाही भाग ती सोडत नाही. उजव्या टोकाला पोचायला तिला फार वेळ लागतो. तू मध्येच बंद केलंस असणार, सगळे करतात. टोपीचं डोकं तोवर खाली झुकलेलं आहे, ते रेघेकडं बघतच नाही.

आता लोक बोलतात की ओबी या बाजूलाही वाढवणार, वसाहतही उठेल. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पेटीचा उजेडही मंद होत चालला आहे. म्हणून सांगते, पावसाळ्याची, सुट्टीची वाट बघू नको. जुमेरात धरून ये. चंद्रपूरला उतर, तिथून ऑटो मिळतात. माझ्याकडं जेव, आणि मग आपण दोघी समाजमंदिरावर चढू. तुझ्या बापाचं घर कोणतं ते मी दाखवू शकणार नाही. पण तू डाव्या टोकापासून बघायला सुरुवात कर, आणि मी सोबत उभी राहीन. लवकर ये गं.